ओळख पटणे आणि ओळख असणे

मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या व्यवहारांसाठी वापरतो. आगगाडीच्या डब्यात तपासनीस आपले ओळखपत्र पाहतो आणि त्याला आपली ओळख पटते. परंतु त्याची व आपली ओळख झाली असे कोणी म्हणत नाही. उलट ज्या शेजाऱ्याशी आपली तीस वर्षांची ओळख आहे त्याची जन्मतारीख वा संपूर्ण नाव विचारले असता आपण पुष्कळदा अडखळतो. पहिला व्यवहार क्षणात उरकतो. दुसऱ्यासाठी आयुष्याचा काही भाग खर्ची घालावा लागतो. हा भेद इतका उघड आहे की त्यावर निबंध लिहिण्याचे वस्तुतः काही कारण पडू नये. मलाही ते पडले नसते. परंतु गतवर्षी या दोहोंची गल्लत माझ्या हातून झाली, आणि तिचे जे पर्यवसान झाले त्याचा विचार अद्याप मनातून जात नाही.

माझे मामा मिरजेस राहत असत. ज्या गावात शतकाहून अधिक काळ सतारी व तंबोरे घडविले जातात आणि जेथील दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, त्या गावात गाण्याचा नाद नसलेला माणूस थोडा परकाच ठरतो. मामांना तो नाद पुरेपूर होता. स्वतः ते कधी गायले नाहीत. पण नभोवाणीवरील मैफली, उरुसातील गाणी, घरगुती बैठका, जे जे कानी पडले ते ते त्यांनी चाळीस वर्षे कॅसेटींवर उतरवून ठेवले. स्नेह्यांकडूनही प्रती मिळविल्या. त्यांच्या निधनानंतर या कॅसेटींना बुरशी चढू लागली, म्हणून मी त्या दोन पेट्यांतून बंगळूरला आणल्या, एका व्यावसायिकाकडे सोपवून त्यांचे संगणकीय रूपांतर करून घेतले, आणि त्यात माझ्याजवळचा संग्रहही मिळविला. एकूण ९,२०० फाइली झाल्या. कॅसेटी निरुपयोगी झाल्या होत्या. त्या भंगारात गेल्या.

आता एवढ्या पसाऱ्याची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न पडला. आमच्याकडील गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकाची बाजू सांभाळणारा एक तरुण आहे. लग्नसमारंभांत तो डीजेचे कामही करतो. तो म्हणाला, “दादा, सगळी लायब्ररी एकदा डीजे सॉफ्टवेअरमध्ये घालून अ‍ॅनलाइज करून टाका. मग शोधायला काही त्रास नाही.” अशी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. सेराटो, ट्रॅक्टर, रेकॉर्डबॉक्स ही विकत मिळतात. ‘मिक्स’ या नावाचे एक, ज्याच्या इंग्रजी अक्षररचनेत एक्स तीनदा येतो, हौशी लोकांनी मिळून २००१ सालापासून वाढविलेले असून ते विनामूल्य आहे. मी ते घेतले. शनिवारी सायंकाळी काम सुरू केले, आणि रविवारी दुपारी जेवण आटोपून पाहतो तो संपूर्ण संग्रहाचे पृथक्करण होऊन गेले होते. अठरा तास लागले. प्रत्येक फाइलीपुढे लय, पट्टी, आवाजाची पातळी, कालावधी असे रकाने सुबकपणे भरलेले होते. माझ्यासारख्या कारकुनाला भरलेल्या रकान्यांचे दर्शन किती सुखद वाटते हे निराळे सांगावयास नको.

हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नादलहरीत जेथे जेथे एकाएकी उसळी येते ती ती जागा ते टिपते, अशा उसळ्यांमधील अंतरांत नियमितपणा शोधते आणि मिनिटास किती ठोके पडतात ते सांगते. मग त्या ठोक्यांची एक जाळी गाण्यावर पसरते. पट्टी ठरविण्यासाठी ते सप्तकातील बारा स्वरांपैकी कोणता किती प्रमाणात वाजला याची बेरीज मांडते आणि ती बेरीज पाश्चात्य संगीतातील बारा मेजर व बारा मायनर अशा चोवीस साच्यांशी ताडून पाहते. असे साचे बनविण्यास पुष्कळ ठिकाणी आधार घेतला जातो तो कॅरल क्रुमहान्सल व एडवर्ड केसलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या, पाश्चात्य श्रोत्यांवरील प्रयोगांचा. डीजेला या माहितीचा उपयोग फार. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या प्रारंभात असा मिसळावयाचा की नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये आणि कानाला खटकू नये, हे त्याचे कसब. त्यासाठी चोवीस साचे घड्याळाच्या तबकडीसारखे मांडलेले असतात. शेजारच्या घरातले गाणे निवडले की जोड बेमालूम बसते.

नाचाच्या गाण्यांच्या बाबतीत यंत्राची उत्तरे बहुधा अचूक येतात. मामांच्या संग्रहाच्या बाबतीत मात्र मौज झाली. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पुष्कळदा मिनिटभर चालते. म्हणजे मिनिटाला मात्रा बाराच. यंत्र सहसा साठ-सत्तर ठोक्यांच्या खाली उतरावयास राजी नसते. ते तबलजीच्या मधल्या भरणीचे बोल मोजते आणि ख्यालाला द्रुत नृत्यगीताच्या पंक्तीस नेऊन बसविते. आलापीत तर ताल नसतोच. परंतु आलापीपुढील रकानाही त्याने रिकामा सोडला नव्हता. श्वासाचा, तंबोऱ्याच्या झंकाराचा, कोठल्या तरी खोकल्याचा आधार घेऊन त्याने मिनिटास एकशे सतरा ठोके अशी नोंद दशांशचिन्हासह केली होती.

पट्टीचेही तसेच. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज धरतो; कोणाची काळी एक, कोणाची पांढरी चार. त्या षड्जाशी जे नाते जडते त्यातून राग उभा राहतो. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर ही पट्टीदेखील निश्चित नसते, कारण सर्वच तबकड्या मिनिटास बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ने वाजविली तर दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे ४४ टक्के इतका स्वर उतरतो. यंत्राला याची वार्ता नसते. आणि समजा, त्याने बारा स्वरांची बेरीज बिनचूक केली, तरी पुढे काय? मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पण मारवा मावळतीच्या वेळची हुरहूर घेऊन येतो, पूरिया मंद्राच्या अंगाने गंभीर होत जातो, आणि सोहनी उत्तररात्री तारसप्तकात चमकते. कोणत्या स्वरावर किती थांबावे आणि कोणाला नुसता स्पर्श करून जावे, यात तिघांचे भेद आहेत. स्वरांच्या हजेरीपटावर मात्र तिघांची हजेरी सारखीच लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आता हा गृहस्थ यंत्रावर ताशेरे ओढणार आणि मोजमापाची निंदा करणार. तसा माझा हेतू नाही. मोजमापाच्या निंदेत एक आळशी समाधान असते, आणि आपल्याच संगीताचा इतिहास त्या समाधानाच्या आड येतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर या गृहस्थांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा ध्यास घेतला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांचे सहकारी झाले, श्रुतींची पेटी तयार करविण्यात आली, आणि या प्रयोगांना साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपला गळा दिला. बडोद्यास १९१६ साली भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा वाद गाजला; सर्वमान्य निर्णय झाला नाही. देवलांचे गणित मान्य होवो वा न होवो, त्यांच्या खटाटोपाला कोरडी कारकुनी म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्याचा गळा मोजावयाचा तो गायक समोर बसलेला आहे, मोजणारा त्याचे गाणे वर्षानुवर्षे ऐकत आलेला आहे, आणि मोजताना त्याचा कान तारेहून अधिक ताणलेला आहे, असे ते मोजमाप होते.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची गोष्ट याहून बोलकी आहे. हा वकिलीची सनद घेतलेला मनुष्य. त्यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला, एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची गाठ घेतली, आणि व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांच्या पद्धतीपासून बोध घेऊन उत्तरेच्या रागांसाठी दहा थाटांची व्यवस्था लावली. दहा खणांचे ते एक कपाटच. परंतु या कपाटात त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच. हजेरीपटाप्रमाणे दोघांना एका खणात ठेवणे प्राप्त होते. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गांधाराकडे झुकणारा, दुसरा सकाळी धैवतावर उभा राहणारा. त्यांची प्रकृती भिन्न, म्हणून खणही भिन्न. ज्याने वर्गीकरण निर्माण केले त्यानेच आपल्या कानाची साक्ष प्रमाण मानून नियमाला मुरड घातली. वर्गीकरणाच्या वैभवाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

अलीकडच्या काळातही अशी माणसे आहेत. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात एक मोठा संशोधनप्रकल्प झाला. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतासह पाच परंपरांचे संगणकाने विश्लेषण कसे करावे याचा त्यात विचार झाला. तेथील संशोधकांनी आपल्या गाण्याला पाश्चात्य साचे लावले नाहीत. प्रथम या गायकाचा षड्ज कोणता हे शोधावयाचे आणि मग पुढे जावयाचे, अशी पद्धत स्वीकारली. म्हणजे मोजणारे यंत्र जात्याच उद्धट असते असे नाही. त्याच्याकरवी प्रश्न विचारणारा कोण आहे आणि त्याने आधी काय ऐकले आहे, यावर सारे अवलंबून असते. डीजेचे सॉफ्टवेअर एकच प्रश्न विचारते: हे गाणे त्या गाण्याला जोडता येईल काय? त्या प्रश्नाचे ते प्रामाणिक उत्तर देते. मी त्या उत्तराचा उपयोग भलत्याच प्रश्नासाठी केला.

तो असा. रकाने भरल्यावर मी संग्रहाची छाटणी आरंभिली. नाव सारखे, कालावधी सारखा, पट्टी सारखी अशा जोड्या पडद्यावर एकाखाली एक येऊ लागल्या. मामांनी नभोवाणीवरून जे घेतले तेच त्यांच्या एखाद्या स्नेह्यानेही घेतलेले असे, आणि त्याची प्रतही मामांकडे आलेली असे. दोहोंपैकी स्वच्छ ती ठेवावयाची, खरखरीत ती पुसावयाची, असा साधा नियम मी केला. नादाचा आलेख पाहिला की खरखर डोळ्यांनाच दिसते. ऐकण्याची गरज पडत नाही. दोन संध्याकाळींत शे-दीडशे फाइली पुसल्या, केराची टोपलीही रिकामी केली, आणि व्यवस्थितपणाचा आनंद मानला.

त्यानंतर महिन्याभराने मिरजेहून मामींचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, तो मारवा पाठव ना मला. ज्यात मी चहा झाला म्हणून हाक मारते आणि हे मला गप्प बस म्हणतात, तो.”

मी शोधले. एका बुजुर्ग गायकाचा मारवा यादीत होता. स्वच्छ, निर्दोष, नभोवाणीच्या तारेला तार जोडून घेतलेला. मामांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला जो दुसरा होता, ज्यात खोलीतील भांड्यांचा आवाज, मामींची हाक, मामांचे दटावणे आणि समेवर त्यांच्या तोंडून निघालेली दाद होती, तो मी पुसून टाकला होता. आलेखात या सर्व गोष्टी खरखर म्हणून दिसल्या असाव्यात. कॅसेट भंगारात गेली होती. उपाय राहिला नव्हता.

आठ दिवस मी काही कळविले नाही. मग धीर करून फोन केला. म्हटले, “मामी, ती फाइल माझ्या हातून पुसली गेली. दोन प्रती आहेत असं समजून मी एक काढून टाकली.” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “असू दे. तू ऐकली होतीस ना पण एकदा?”

मी “हो” म्हणालो. ते खरे नव्हते.

या प्रसंगाचा नैतिक अंगाने विचार करू लागलो तेव्हा प्रथम मला वाटले की, अपराध दोन आहेत: एक पुसण्याचा आणि दुसरा असत्य बोलण्याचा, पैकी पहिला अनवधानाचा म्हणून क्षम्य, आणि दुसरा भित्रेपणाचा म्हणून निंद्य. परंतु मामींच्या प्रश्नाने हा हिशेब उलटला. त्यांनी ‘का पुसलीस’ असे विचारले नाही. वस्तू नाहीशी होते हे त्या वयात त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांना एवढेच जाणून घ्यावयाचे होते की, नाहीशी होण्यापूर्वी ती कोणापर्यंत पोहोचली होती की नाही. आणि ती पोहोचली नव्हती. ती माझ्याजवळ दोन वर्षे होती. मी तिची नोंद केली, तिचे नाव टंकित केले, तिची पट्टी मला ठाऊक होती. तिची ओळख मला पटली होती. ओळख मात्र नव्हती. ओळख नसलेल्याला पुसून टाकताना हात थरथरत नाही, हेच या प्रकरणाचे मूळ.

पोटासाठी मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. तेथे रोज रकाने भरावयाचे आणि भरलेले तपासावयाचे. एका अर्जदार बाईंच्या नावाची दोन कागदांवर दोन प्रकारची अक्षरे होती म्हणून त्यांचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण मी दोनदा परत पाठविले होते. नियमानुसार ते योग्यच होते. आजही मी कदाचित तसेच करीन. पण त्या वेळी माझ्या मनात असे येऊन गेले होते की, ही बाई आहे तीच आहे याविषयी कोणालाच शंका नाही, तरी कागदाला ती पटत नाही. कचेरीत अशा प्रसंगी शुद्धिपत्र काढता येते. चूक झाली तर तिला वाट आहे, कारण माणूस पुन्हा खिडकीपाशी येऊन उभा राहतो आणि ‘मी येथे आहे’ असे सांगतो. गाणे खिडकीपाशी येत नाही. मृतही येत नाहीत. जे स्वतःच्या बाजूने बोलू शकत नाहीत त्यांच्यासंबंधी निर्णय करताना रकान्यांवरील विश्वास थोडा कमी ठेवावा, एवढे शहाणपण मला अनुभवाने सुचावयास हवे होते.

कचेरीतील आणखी एक संवय येथे नडली. आमच्या नमुन्यांत रिकामा रकाना दोष समजला जातो. काही नसेल तर ‘निरंक’ तरी लिहावे लागते. यंत्राचेही तसेच: आलापीला ताल नाही असे म्हणण्याची त्याची तयारी नाही. परंतु प्रामाणिक ज्ञानाचे एक लक्षण असे की त्याला रिकामी जागा सहन होते. जो मनुष्य न ऐकलेल्या गाण्यापुढे ‘अद्याप ऐकले नाही’ असे लिहून थांबतो तो भरलेल्या रकान्याच्या धन्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ असतो. त्या दिवशी फोनवर मी जे ‘हो’ म्हणालो तेही रिकामा रकाना सहन न झाल्यामुळेच.

आता काळाचा प्रश्न. ९,२०० फाइली, सरासरीने सात मिनिटांची एक. म्हणजे सुमारे १,०७० तासांचे गाणे. यंत्राला ते तपासावयास अठरा तास पुरले. मी रोज एक तास ऐकावयाचे ठरविले तर जवळजवळ तीन वर्षे लागतील. हा फरक केवळ वेगाचा असता तर यंत्राचे अभिनंदन करून विषय संपला असता. परंतु गाणे ही काळात घडणारी गोष्ट आहे. तिचे शरीरच काळाचे आहे. सत्तर मिनिटांचा मारवा जाणावयास सत्तर मिनिटेच लागतात. त्याहून कमी वेळात जे जाणले जाते ते मारव्याविषयी काही असेल, मारवा नव्हे. बंगळूरमध्ये चामराजपेठेत श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ सालापासून चालत आला आहे. तेथे श्रोत्यांकडे पाहत बसणे हाही एक आनंद असतो. वृद्ध माणसे मांडीवर हात ठेवून टाळी, बोटे, पंजा उलटा अशा क्रमाने ताल धरून असतात. मृदंग थांबतो, गायक एखाद्या स्वरावर स्थिर होतो, कोठेही ठोका ऐकू येत नाही. तरी तो हात चालू असतो आणि समेवर सारे पुन्हा एकत्र येतात. यंत्राने ठोके मोजले, या माणसांनी ताल धरला. मराठीत ताल धरावयाचा असतो. धरण्यासाठी आपले काहीतरी सोबत द्यावे लागते.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. एका माणसाच्या आयुष्यात मावेल तेवढेच राखावयाचे असे ठरविले तर जगात संग्रहालये उरणार नाहीत. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या रसिकांना एकत्र आणीत आली. या आमच्या शहरातही ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ या न्यासाने ग्रामोफोनच्या काळातील ध्वनिमुद्रणे संगणकावर आणण्याचे मोठे काम केले आहे. कलकत्त्यास १९०२ साली गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. त्या काळचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो तो कोणी तरी नोंद करून, क्रमांक घालून, जपून ठेवला म्हणूनच. जपणाऱ्यांपैकी प्रत्येकाने प्रत्येक तबकडी ऐकलीच पाहिजे असा आग्रह धरला तर ऐकण्याआधीच सारे नष्ट होईल.

हे मला मान्य आहे. किंबहुना मामांनीही आपल्या सर्व कॅसेटी पुन्हा पुन्हा ऐकल्या असतील असे वाटत नाही. नोंद ही भावी श्रवणासाठी मोकळी ठेवलेली वाट आहे. ती अनोळखी माणसाला उद्या ओळख करून घेण्याची संधी देते. म्हणून नोंद करावी, यंत्राकडून करवावी, आणि त्याबद्दल यंत्राचे आभारही मानावेत. निर्बंध एकच पाहिजे: केवळ नोंदीच्या बळावर राखावे, पण केवळ नोंदीच्या बळावर नष्ट करू नये. राखताना चूक झाली तर पुढचा माणूस ती सुधारू शकतो; नष्ट करताना चूक झाली तर पुढच्या माणसाला ती चूक आहे हेसुद्धा कळत नाही. दोन प्रती सारख्या आहेत हे विधान दोन्ही ऐकल्याशिवाय करण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा नियम गाण्यांपुरता आहे की माणसांनाही लागू पडतो, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवितो. कचेरीतील माझ्या टेबलापुरता मी तो केला आहे.

हा लेख पाठविण्यापूर्वी मी मामींना पुन्हा फोन केला आणि ती फाइल मी कधीच ऐकली नव्हती हे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजूतही घातली नाही. म्हणाल्या, “मग आता जे राहिलंय ते तरी ऐक.”

तेव्हापासून रात्री जेवणानंतर एक तास ऐकतो. सॉफ्टवेअर काढून टाकलेले नाही. लय आणि पट्टी यांचे रकाने आहेत तसेच आहेत, आणि चुकीच्या वेगाने घेतलेली एखादी कॅसेट हुडकण्यास त्यांचा उपयोगही होतो. त्यांच्या शेजारी ‘ऐकले’ असा एक रकाना मी वाढविला आहे आणि त्यात तारीख लिहितो. आजवर २१२ तारखा पडल्या आहेत. बाकीचे सर्व रिकामे आहे. परवा एका बागेश्रीच्या शेवटी कोणी तरी “वा” म्हणाले. आवाज मामांचा असावा असे वाटले, पण खात्री झाली नाही. मामींकडे ते पाठविले आहे.